मेरेवरची रानमेथी

तिला भेटायचं तर गुडघे टेकावे लागतात. उभ्या माणसाला नुसती हिरवळ दिसते. मृगाच्या सरी चार दिवस पडल्या की मुळगावातल्या शेतांच्या मेरा हिरव्या होतात, आणि आषाढात बांधाची मेर कुठे संपली नि भाताचा कुणगा कुठे लागला हे डोळ्यांआधी पायाला कळतं. त्या हिरव्यातली गवताची उभी पाती बोटांनी बाजूला सारली की त्यांच्या पायाशी, मातीला अंग लावून, तीन-तीन पानांची एक बारीक जाळी पसरलेली असते. एकेक पान करंगळीच्या नखाएवढं, बहुतेक त्याहूनही लहान. देठाकडे निमुळतं, टोकाला किंचित खाच. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. भाद्रपदात पानांच्या बगलेतून जांभळट गुलाबी फूल डोकावतं, तांदळाच्या कणीएवढं. वाकून पाहिलं तर त्याला वाटाण्याच्या फुलासारख्याच पाकळ्या दिसतात: मागे उभी एक रुंद पाकळी, तिच्या पुढे पंखासारख्या दोन. एवढ्याशा जिवात कडधान्याचं सगळं घराणं मावलेलं आहे.

वनस्पतींची मराठी नावं देणाऱ्या पुस्तकांत तिला रानमेथी म्हणतात. शास्त्रीय नाव डेस्मोडियम ट्रायफ्लोरम. आमच्या घरात मात्र तिला नाव नव्हतं. ती तणात मोडायची. हा शब्द आमच्या भागात जरा वेगळा वागतो. घाटावरच्या शेतकऱ्याला तण म्हणजे पिकात माजलेलं, उपटून फेकायचं ते. आमच्याकडे गोव्यात, डिचोलीत तण म्हणजे गवत, गुरांचं खाणं; भात मळून झाल्यावर उरतो तो पेंढाही तणच. एकाने शेतातून काढून टाकायचं तेच दुसऱ्याने गोठ्यात जपून ठेवायचं. रानमेथीचं सगळं आयुष्य या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये गेलेलं आहे.

तिच्या वागण्यात घाई नाही. गवत उन्हासाठी वर धावतं. ती धावत नाही, पात्यांमधून गाळून आलेल्या उजेडावर भागवते. फांदी पुढे सरकते, पेर मातीला टेकतं, तिथून मूळ सुटतं, मग पुढची फांदी. गुराचा खूर पडून वेल तुटला तर दोन वेल होतात, कारण दोन्ही तुकड्यांना आपापली मुळं असतात. गाय गवत ओढून खाते तेव्हा हिची वरवरची पानं तिच्या तोंडात जातात, पण खोड जमिनीलाच राहतं. आठवडाभरात पुन्हा पानं. ज्या वाटेवर गवतही हार मानतं, त्या गुरांच्या वाटेच्या कडेला ती सुखाने असते.

प्रवास मात्र तिला आवडतो. पाऊस सरत आला की फुलांच्या जागी चपट्या, किंचित वाकड्या शेंगा येतात. शेंगेला तीनपासून सहापर्यंत कप्पे. वाळल्यावर एकेक कप्पा सुटा होतो आणि प्रत्येकावर डोळ्यांना न दिसणारे आकडेदार केस असतात. जवळून जो जाईल त्याला ती बी धरते. धोतराच्या काठाला, परकराच्या घेराला, कुत्र्याच्या कानाला, आणि सगळ्यांत जास्त गाईच्या पायांना.

म्हणून माझी तिची पहिली ओळख बोटांनी झाली. आमच्या गोठ्यात आजीची एक गाय होती, नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी. उंचीने लहान, पाय बारीक, चढणीवर शेळीसारखी हलकी. अशा गाईंना आता श्वेतकपिला म्हणतात. २०२० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने या गोव्याच्या गाईची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आजीला ही नोंद माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिच्या लेखी ती घरातली बाई होती. दिवाळीच्या पाडव्याला गुरांना न्हाऊ घालून, फुलांच्या माळा घालून ओवाळायचं, त्याच्या आदल्या संध्याकाळी आजी मला गाईच्या पायाशी बसवायची. "पुता, एकपण ठेवू नकोस. उद्या तिचा मान." आणि मी त्या पांढऱ्या पायांवरचे तपकिरी चपटे कण एकेक करून वेचायचो. बोटांना ते सोडत नसत. उजवा हात डाव्याने साफ करावा, तर डाव्याला चिकटावेत. वेचलेले कण मी गोठ्याच्या मागे झटकायचो, आणि पुढच्या पावसात गोठ्यामागे तिची चटई पसरलेली असायची. माझ्या हातून तिची पेरणी होत होती, हे मला खूप वर्षांनी उमगलं.

तिचं खरं काम मातीखाली चालतं. एखादा वेल मुळासकट अलगद उचलून पाण्यात धुतला तर बारीक मुळांवर राळ्याच्या दाण्यासारख्या गाठी दिसतात. एखादी गाठ नखाने फोडावी. जिवंत, काम करणारी गाठ आतून गुलाबी असते. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्याच एका द्रव्याचा. गाठीत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. झाड त्यांना उन्हातून मिळवलेली साखर देतं, ते झाडाला हवेतला नत्र पचवून देतात. हवेचे शंभर भाग केले तर अठ्ठ्याहत्तर भाग नत्रच आहे, पण गवताला तो तसाच्या तसा घेता येत नाही. ताट समोर आणि हात बांधलेले, अशी त्याची गत. कडधान्यांच्या मुळांवरच्या या गाठी काय करतात हे १८८६ ते १८८८ या दोन वर्षांत जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी दाखवलं, आणि १८८८ मध्येच हॉलंडच्या बायरिंकने तो जिवाणू वेगळा काढला. त्याच्या कितीतरी आधीपासून भातानंतर कुळीथ किंवा आळसांदे पेरलेल्या कुणग्यात पुढचं भात चांगलं येतं, हे आमच्या भागातल्या बायकांना ठाऊक होतं. भाताच्या रोपांचा रंग बघूनच त्या सांगायच्या.

शेजारच्या गवताला ती काय देते, हे नीट समजून घेतलं पाहिजे. ती काही हातात घास धरून त्याला भरवत नाही. तिची जुनी मुळं, गाठी, पानं कुजतात, त्यातला नत्र मातीत उतरतो. तिला खाणारी गाय शेण-मूत टाकते, त्यातूनही उतरतो. तो गवत उचलतं. म्हणून रानमेथीच्या जाळीतून वर आलेलं गवत जरा गडद दिसतं, तिच्याशिवायचं फिकट. उलट गवतही तिच्यासाठी माती धरून ठेवतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उघडी जांभ्याची माती त्यात दोन सरींत वाहून जाईल. गवताची मुळं नसती तर हिच्या बारीक मुळांना धरायला काही उरलं नसतं.

मुळगाव म्हणजे केळबाईचं गाव. सात बहिणी आणि खेतोबा हा एक भाऊ, अशी इथली कथा. केळबाई आमच्याकडे राहिली, लईराई शेजारच्या शिरगावला, महामाया मयेला, मोरजाई पेडण्यातल्या मोरजीला. बहिणी वेगवेगळ्या गावांत नांदल्या, पण एकीचं नाव घेतलं की दुसरीचं येतंच. ही कथा ऐकत वाढलेल्या माणसाला गवत आणि रानमेथी यांच्याकडे पाहताना नात्याचेच शब्द सुचतात. मी तिला गवताची धाकटी बहीण म्हणतो.

या धाकटीच्या नात्यागोत्यातल्यांनी जगात मोठी कामं केली आहेत. युरोपात तीन पानांची क्लोव्हर गवताबरोबर पेरायला लागले आणि तिथल्या शेतीचा चेहरा बदलला. इंग्लंडच्या नॉरफॉक भागात गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर अशी चार वर्षांची फेरपालट रुजली. जमीन पडीक ठेवायची गरज कमी झाली, गुरं वाढली, शेणखत वाढलं, धान्य वाढलं. त्याच कुळातली मिसरची बरसीम १९०४ मध्ये सिंधमध्ये आली आणि तिथून उत्तर हिंदुस्थानभर पसरली. महाराष्ट्रात ओलिताखाली ती रब्बीत घेतात. बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जिवाणूसंवर्धक चोळायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचं, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली कापणी, मग दर महिन्याला एक. जाणते शेतकरी बरसिमात थोडा ओट किंवा मोहरी मिसळतात, कारण पहिल्या कापणीला बरसीम कोवळी आणि विरळ असते. सोबतीचं पीक वैरणीचा भार उचलतं.

बरसीम मुळगावात का नाही, असं मला विचारतात. तिला थंडी हवी आणि आंबट नसलेली माती हवी. आमच्याकडे हिवाळा पहाटेपुरता येतो आणि जांभ्याची माती आंबट. इथे कामाला येतात ती उष्ण देशांतली तीन पानांची घराणी: आळसांदे, चवळी, दक्षिण अमेरिकेतून आलेली स्टायलो, आणि कुणी न पेरता आलेली ही रानमेथी. तिच्याच गणातल्या दुसऱ्या एका जातीला केनियात मोठा मान आहे. तिथल्या इसिपे या कीटकविज्ञान संस्थेने आणि इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्राने १९९० च्या दशकात मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम आणि शेताच्या कडेला नेपियर गवत लावण्याची पद्धत बसवली. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचे पतंग मक्यापासून दूर जातात, नेपियर त्यांना आपल्याकडे ओढून घेतं. आणि डेस्मोडियमच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी, आपल्या ज्वारीवर पडतो तसला टारफुला मरतो. शेवटी डेस्मोडियम आणि नेपियर दोन्ही कापून गाईपुढे टाकायचं. इथेही गवत आणि तीन पानं, हीच जोडी.

ही जोडी का लागते, ते आमच्या गोठ्याने मला शिकवलं. मी कॉलेजात होतो. भातानंतर पेरलेल्या आळसांद्यांचे कोवळे वेल पहाटेच्या दंवात कापून आणले आणि हौसेने गाईपुढे पाटीभर ओतले. तिने ते भराभर संपवले. तासाभरात तिची डावी कूस ढोलासारखी फुगली. ती उभी राही, बसे, पाय झाडी, आणि श्वास तोंडाने घेई. आजी म्हणाली, "उपाशी पोटी ओलं घातलंस." शेजारच्या काकांनी तिच्या जबड्यात आडवी काठी बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि लाळ गळेल. मग हळूहळू गोडं तेल पाजलं, उताराकडे मागचे पाय येतील अशी उभी केली, फिरवली. दुपारी तिने ढेकर दिला तेव्हा घरातली सगळी माणसं गोठ्यात होती. पुढे पशुवैद्यांनी समजावलं: कोवळ्या, ओल्या कडधान्याच्या पाल्यातली प्रथिनं पोटात फेस धरतात, वायू त्या फेसात अडकतो, बाहेर पडत नाही. आधी सुकं तण, मग हिरवं. आणि हिरव्यातही गवत जास्त, पाला कमी, असा नियम. रानमेथीच्या गणातल्या चाऱ्यांमध्ये एक तुरट द्रव्य असतं, ते हा फेस बांधू देत नाही. मेरेवर चरून आमची गाय कधी फुगली नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. नुसत्या भाताच्या तणावर गाय ठेवली तर पोट भरतं आणि अंग झडतं. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं शेकडा तीन-चारच. चवळीच्या किंवा स्टायलोच्या पाल्यात त्याच्या तिप्पट-चौपट. पोटातल्या जिवाणूंना नत्र मिळाला तरच ते पेंढ्याचे चिवट धागे पचवतात. म्हणजे मूठभर तीन पानांच्या पाल्याने पाटीभर तण कारणी लागतं. आजी हे मोजत नसे. ती मेरेवरचं गवत कोयतीने अगदी खालून खरवडून कापायची. मला वाटे, एवढं वाकायचं कशाला? त्या खालच्या चार बोटांतच रानमेथी असते.

सुकवायची वेळ आली की या धाकटीचा हट्ट सुरू होतो. गवत उन्हात वाळलं तरी पातं देठाला धरून राहतं. हिची पानं, आणि तिच्या सगळ्या नातलगांची, वाळली की चुरा होऊन गळतात, आणि सत्त्व तर पानांतच. म्हणून पावसाळा सरताना, फुलं धरू लागली की कापायचं. पहिल्या दिवशी उन्हात पसरायचं, मग सावलीत. आणि उलथायचं ते सकाळी, दंवाने पानं जरा नरम असताना. पूर्ण वाळण्याआधी भारा बांधला तर आत बुरशी धरते, भारा गरम होतो. मुठीत पिळल्यावर ओल लागू नये आणि देठ कट्कन मोडावा, ही खूण. गवतात मिसळून वाळवलं तर गळलेली पानं गवताच्या पात्यांत अडकून राहतात आणि गाईपर्यंत पोचतात. वाळतानाही मोठी बहीण धाकटीला पदरात धरते.

आता आमच्या एका कुणग्याबद्दल. मुळगावाने भात पिकवलं तसं लोहखनिजही पाहिलं. खाणींच्या वर्षांत पावसाबरोबर तांबडा गाळ ओहोळांतून शेतांत उतरला. तो गाळ इतका बारीक की वाळल्यावर त्याची खापरी होते, पाणी आत जात नाही, आणि त्यात कुजकं असं काही नसतंच. २०१२ मध्ये राज्यातलं खाणकाम थांबलं, मग सुरू झालं, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबलं, आणि लिलावांनंतर यंत्रं पुन्हा आली. या सगळ्यात किती गोठे रिकामे झाले ते गावात फिरलं की दिसतं. गोव्याला लागणारं दूध बहुतांशी कर्नाटक आणि महाराष्ट्रातून येतं. आमचा ओहोळाकाठचा एक कुणगा अशा गाळाखाली गेला. दोन वेळा भात लावलं, दोन्ही वेळा रोपं पिवळी पडून बसली. मग तो पडीक राहिला.

मी त्याकडे पाठ फिरवली होती. पण पडीक कुणगा मोकळा राहत नाही. खापरीच्या भेगांतून आधी चिवट गवताचे ठोंब आले. दोनेक पावसाळ्यांनंतर मेरेच्या बाजूने रानमेथीची एक जीभ त्या तांबड्यात शिरलेली दिसली, हातभर लांब. मी एक वेल काढून धुतला. मुळांवर गाठी होत्या. एक फोडली, आतून गुलाबी होती.

तिने वाट दाखवल्यावर मी तिच्या धिप्पाड बहिणीला बोलावलं. स्टायलोचं बी कवचाने कठीण असतं; त्यावर उकळीखालचं कढत पाणी ओतून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी निथळून वाळूत मिसळलं आणि पहिल्या पावसात गवताच्या ठोंबांमधून वरवर विखुरलं. खोल पुरलं तर ते उगवत नाही. पहिल्या वर्षी ती एवढीशीच राहिली, गवताखाली दिसेचना. त्या वर्षी गुरं आत सोडली नाहीत. बी झडू दिलं. दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढी जाळी झाली आणि गवत तिच्यातून वर आलं, रंगाने गडद. त्या कुणग्यात भात अजून लावलेलं नाही. अजून काही वर्षं पानं गळू देत, मुळं कुजू देत, शेण पडू देत. माती परत मिळवायला जितका वेळ लागतो तितका द्यायला हवा.

आजी आता नाही. गोठ्यात तिच्या गाईच्या वंशातली एक आहे, तशीच पांढरी. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी सवयीने तिच्या पायाशी बसलो. मेरेवरून चरून आली होती. गुडघ्यांपर्यंत तपकिरी कण चिकटलेले. पहिला कण चिमटीत धरला आणि थांबलो. दावं सोडलं, तिला घेऊन ओहोळाकाठच्या कुणग्याकडे गेलो. अर्ध्या भागात अजून नुसती तांबडी खापरी आहे, तिथे स्टायलोही धरलेली नाही. तिथून तिला हळूहळू फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन वेळा. तिने पाय झाडले, ठोंबांना अंग घासलं, शेपटी फिरवली. अंधार पडताना घरी आणून कंदिलाच्या उजेडात पायांवर उरलेले कण वेचले, सगळे. उद्या तिचा मान होता.